सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाला पूरके सोसत नाहीत तेव्हा : नव्या पालकांसाठी मार्गदर्शन

सिस्टिक फायब्रोसिसचे निदान झाल्यावर पालक मुलाला घेऊन घरी परततात, तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत बरेच काही असते : स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, ए, डी, ई आणि के या जीवनसत्त्वांचे थेंब, वजन वाढवण्यासाठीच्या पावडरीचा डबा, कधी लोहाचे किंवा झिंकचे सिरप आणि रोज किती मीठ द्यायचे याची चिठ्ठी. पंधरा दिवस जातात आणि फोन येतो, ‘हे सगळं सुरू केल्यापासून पोट जास्तच बिघडलंय, बंद करू का?’ लहान मुलांची आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. माझे उत्तर बहुतेक वेळा एकच असते : बंद करू नका, पण काल काय दिले, किती वाजता दिले आणि कशाबरोबर दिले, ते मला सांगा.

याचे कारण असे की, ज्याला आपण पूरकाचा त्रास म्हणतो, तो पुष्कळदा त्या पूरकाचा नसतो. ते पोटात एकटे गेल्याचा असतो. पावडरीचे दूध एन्झाइमशिवाय जाते, जीवनसत्त्वाचे थेंब सकाळी रिकाम्या पोटी जातात, झिंक दूध पिण्याआधी दिले जाते, मीठ एकाच वेळी चमच्यात घालून भरवले जाते. प्रत्येक पूरकाला सोबत लागते. ती कोणती आणि कशी द्यायची, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. यातले आकडे पालकांना डॉक्टरांची चिठ्ठी समजावी आणि प्रश्न विचारता यावेत म्हणून दिलेले आहेत. आपल्या मुलाची मात्रा त्याचे डॉक्टरच ठरवतील आणि बदलतील.

पोटात नेमके काय घडते

सीएफटीआर या जनुकातील दोषामुळे शरीरातील स्राव घट्ट होतात. फुप्फुसांतला कफ चिकट होतो हे पालकांना लवकर कळते, पण स्वादुपिंडातही तसेच घडते. तिथून आतड्याकडे जाणाऱ्या बारीक नलिका बंद होतात, चरबी आणि प्रथिने पचवणारे रस, म्हणजे एन्झाइम, आतड्यात पोहोचत नाहीत आणि जेवलेल्या अन्नाचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या बालकांच्या शवविच्छेदनांत स्वादुपिंडातली ही विकृती पाहिली आणि या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. त्याच्या नावातला ‘सिस्टिक’ हा शब्द स्वादुपिंडात तयार होणाऱ्या द्रवाच्या पोकळ्यांवरूनच आलेला आहे.

स्वादुपिंड आतड्यात आणखी एक गोष्ट सोडत असते, ती म्हणजे आम्ल शमवणारे बायकार्बोनेट. तेही कमी पडत असल्यामुळे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आंबट राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण एन्झाइमची मात्रा पुरेशी असूनही ती का लागू पडत नाही, याचे एक उत्तर तिथे आहे.

या आजाराच्या प्रत्येक मुलाला एन्झाइम लागतातच असे नाही. शौचातील इलास्टेज या स्वादुपिंडातून येणाऱ्या एन्झाइमची तपासणी केली जाते आणि तिचा आकडा दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर स्वादुपिंड कमी पडत असल्याचे मानले जाते. हा अहवाल आपल्या फाइलमध्ये आहे का, हे आधी पाहावे आणि नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

पहिली पायरी : काहीही बदलण्यापूर्वी तीन दिवसांची वही

एक साधी वही घ्यावी आणि तीन दिवस, काहीही न बदलता, सगळे लिहावे. वेळ, काय खाल्ले, साधारण किती, त्यात तेल-तूप किती, कोणते पूरक दिले, एन्झाइमच्या किती कॅप्सूल दिल्या आणि त्या घास सुरू होण्याआधी दिल्या की नंतर आठवण झाल्यावर, हे सर्व नोंदवावे. शौच किती वेळा झाले, रंग कसा होता, तेलकट होते का, वास कसा होता आणि पोट दुखले असेल तर कोणत्या जागी व जेवणानंतर किती वेळाने, हेही लिहावे.

एका आईने आणलेले वहीचे पान माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. ‘सकाळी ८, पोहे, २ कॅप्सूल. दुपारी १, वरण-भात-तूप, भाजी, ३ कॅप्सूल. दुपारी ४, पावडरीचे दूध १ ग्लास. सायंकाळी ५.३०, पोटात मुरडा, पातळ शी, वर तेलाचा तवंग.’ तीनही दिवस साडेपाच-सहाच्या सुमारास तीच नोंद होती. चारच्या ग्लासापुढे कॅप्सूलचा उल्लेख नव्हता. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ते तर औषधच आहे ना, जेवण थोडंच आहे?’ त्या ग्लासात दूध होते, पावडरीतली चरबी होती, म्हणजे मुलाच्या आतड्याच्या दृष्टीने ते पूर्ण जेवणच होते. पावडर बदलावी लागली नाही. डॉक्टरांना विचारून त्या ग्लासाबरोबर एन्झाइम सुरू केले आणि आठवडाभरात संध्याकाळचा मुरडा थांबला.

दुसरी पायरी : शौचाकडे नीट पाहणे

पालकांना याचा संकोच वाटतो, परंतु या आजारात शौच हा रोजचा अहवाल असतो आणि तो फुकट मिळतो. फिकट, मोठ्या प्रमाणात होणारे, चिकट, भांड्याला धरून राहणारे, अतिशय दुर्गंधीयुक्त आणि वर तेल तरंगणारे शौच म्हणजे चरबी पचलेली नाही. हे पूरकाचे दुष्परिणाम नसतात. एन्झाइम कमी पडल्याची, चुकीच्या वेळी दिल्याची किंवा खराब झाल्याची ती खूण असते.

पूरक प्यायल्यावर थोड्याच वेळात होणारे पाण्यासारखे, तेल नसलेले जुलाब, पोटात गुडगुड आणि गॅस यांचे कारण वेगळे असते. पेय फार दाट किंवा फार गोड असले किंवा सिरपमध्ये सॉर्बिटॉल असले, तर ते आतड्यात पाणी ओढून घेते. मुलांसाठीच्या अनेक सिरपांना सॉर्बिटॉलने गोडी आणलेली असते आणि बाटलीवरच्या बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते. दिवसाला अशी तीन-चार सिरपे जात असतील, तर प्रत्येकातली गोडी मिळून पोट ढिले होऊ शकते. लोह सुरू केल्यावर काळपट शौच होणे अपेक्षित आहे आणि त्याची चिंता नसावी. परंतु डांबरासारखे चिकट, चकचकीत काळे शौच झाले, तर ते रक्तही असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी पायरी : एन्झाइम देण्याची पद्धत सुधारणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण एन्झाइम नीट जात नसतील तर बाकी कोणतेही पूरक नीट सोसणार नाही.

कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर आवरण असते. जठरातल्या आम्लात ते आवरण टिकते आणि पुढे आतड्यातले आम्ल कमी झाल्यावर विरघळते. म्हणून दाणे कुटू नयेत, चावू देऊ नयेत आणि गरम पदार्थावर घालू नयेत. लहान मुलासाठी कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर गार आंबट-गोड फळाच्या गरात, विशेषतः सफरचंदाच्या शिजवून गार केलेल्या गरात, मिसळून लगेच भरवावेत आणि त्यावर पाणी किंवा दूध पाजावे. दूध, खीर किंवा वरणात दाणे टाकून ठेवले तर आवरण भांड्यातच विरघळू लागते. मग एन्झाइम तोंडात झोंबतात आणि जठरातल्या आम्लात निकामी होतात. दुधाच्या बाटलीत तर ते कधीच टाकू नयेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला चिमूटभर गरात दाणे मिसळून जिभेवर द्यावेत आणि लगेच पाजायला घ्यावे. पाजून झाल्यावर स्वच्छ बोट हिरड्यांवरून आणि गालांच्या आतून फिरवावे. राहिलेला एखादा दाणा तोंडात फोड आणतो आणि आईच्या स्तनाग्रालाही जखम करू शकतो. तोंड आले म्हणून बाळ गर नाकारत असेल, तर बहुधा हेच घडलेले असते.

तसाच त्रास दुसऱ्या टोकालाही होतो. शौचाबरोबर बाहेर पडलेले एन्झाइम गुदद्वाराभोवतीची त्वचा भाजल्यासारखी लाल करतात. प्रत्येक शीनंतर कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे आणि पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावावे; त्वचा लाल होण्याची वाट न पाहता सुरुवातीपासूनच लावणे अधिक चांगले.

वेळेविषयी नियम सोपा आहे. एन्झाइम पहिल्या घासाबरोबर द्यावेत आणि जेवण अर्ध्या तासाहून लांबणार असेल, तर मात्रा विभागून अर्धी सुरुवातीला आणि अर्धी मध्यावर द्यावी. आपल्याकडे लहान मुले टीव्हीसमोर पाऊण तास जेवतात. अशा मुलाला सुरुवातीला दिलेले एन्झाइम शेवटच्या दहीभातापर्यंत पुरत नाहीत. फळे, कोकम सरबत, उसाचा रस आणि ओआरएस यांना एन्झाइम लागत नाहीत. बिस्किटे, दूध, चॉकलेट, साजूक तुपातल्या शिऱ्याचा प्रसाद आणि पूरक पेये यांना लागतात.

आता मात्रेविषयी. ती लायपेज या चरबी पचवणाऱ्या एन्झाइमच्या युनिटमध्ये मोजतात. चार वर्षांखालील मुलांना सुरुवातीला प्रत्येक जेवणाला वजनाच्या दर किलोला १,००० लायपेज युनिट आणि चार वर्षांवरील मुलांना ५०० युनिट अशी नेहमीची सुरुवात असते. बाळांना दर १२० मिलिलिटर दुधामागे २,००० ते ४,००० युनिट दिले जातात. वरची मर्यादा प्रत्येक जेवणाला दर किलोला २,५०० युनिट आणि दिवसाला दर किलोला १०,००० युनिट अशी आहे. म्हणजे १२ किलो वजनाच्या तीन वर्षांच्या मुलाला एका जेवणाला १२,००० युनिटपासून सुरुवात होईल, कोणत्याही जेवणाला ३०,००० च्या वर आणि दिवसभरात १,२०,००० च्या वर जाता येणार नाही. ही मर्यादा उगाच घातलेली नाही. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये अतिशय जास्त क्षमतेची एन्झाइम घेणाऱ्या मुलांच्या मोठ्या आतड्याचा काही भाग जाड होऊन आकुंचन पावल्याचे आढळले आणि त्यानंतर मात्रेला आवर घालण्यात आला. म्हणून शौच तेलकट आहे असे दिसल्यावर घरच्या घरी एक-एक कॅप्सूल वाढवत जाऊ नये.

मात्रा योग्य, वेळ योग्य आणि तरीही शौच तेलकट राहत असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे कॅप्सूल कुठे ठेवली आहे. उष्णता आणि ओल यांनी एन्झाइम मरतात. ओट्यावरची फळी, देवघरात दिव्याशेजारचा कोपरा, उन्हात उभ्या गाडीतली पिशवी, या जागा टाळाव्यात; डबी घट्ट बंद करावी, तिच्यातली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नये. विदर्भात मे महिन्यात कुरियरने दोन-तीन दिवस फिरून आलेल्या कॅप्सूलनंतर मुलाचे पोट अचानक बिघडले, तर ते त्या डबीमुळे असू शकते, हे डॉक्टरांना सांगावे. दुसरी गोष्ट म्हणजे आधी सांगितलेला आतड्यातला आंबटपणा. त्यामुळे दाण्यांचे आवरण वेळेवर विरघळत नाही, आणि अशा वेळी डॉक्टर एन्झाइम वाढवण्याऐवजी आम्ल कमी करणारे औषध जोडतात. ते दुकानातून आपल्या मनाने आणू नये.

एक नाजूक गोष्ट. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. कित्येक घरांत हे कळल्यावर आजी-आजोबा अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता मी कधीही हलकी मानलेली नाही. परंतु औषधांच्या दुकानात पचनाची म्हणून मिळणारी, बुरशीपासूनचे डायस्टेज आणि पेप्सिन असलेली सिरपे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, कारण चरबी पचवणे हे त्यांचे काम नव्हे. हा विषय मनात न ठेवता डॉक्टरांसमोर काढावा. लपून बंद केलेल्या कॅप्सूलची किंमत मूल वजनाने चुकवते.

चौथी पायरी : शक्ती वाढवणारी पेये आणि तेल हळूहळू वाढवणे

या मुलांना त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त उष्मांक लागतात, आणि त्यातला ३५ ते ४० टक्के वाटा चरबीतून यावा असा सल्ला असतो. जुलाब झाले की ‘तेल-तूप बंद करा’ हा आपल्या घरांतला जुना उपदेश इथे लागू होत नाही. तूप काढल्याने शौच आटोक्यात आल्यासारखे वाटेल, पण वजन थांबेल. चमचाभर तुपात साधारण ५ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १४-१५ ग्रॅम आणि २०० मिलिलिटर म्हशीच्या दुधात १२ ते १४ ग्रॅम चरबी असते, हा हिशेब पालकांना तोंडपाठ असला, म्हणजे कोणत्या खाण्याला किती एन्झाइम हे आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवता येते.

पूरक पेय सुरू करताना पहिल्याच दिवशी पूर्ण ग्लास देऊ नये. चौथ्या हिश्शापासून सुरुवात करावी, दोन-तीन दिवस पोट शांत राहिले की अर्ध्यावर जावे आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. डब्यावर सांगितलेल्या प्रमाणापेक्षा दाट करू नये. ‘दोन चमचे जास्त घातले तर लवकर वजन वाढेल’ या भावनेतून केलेले दाट पेय मुलाला फक्त जुलाब देते. गटागटा पाजण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटांत घोटघोट द्यावे, आणि जेवणाच्या तासभर आधी न देता जेवणानंतर किंवा झोपताना द्यावे, म्हणजे भूक मरत नाही. कोणतेही पेय घेण्यापूर्वी डब्यावरचा चरबीचा आकडा वाचावा. बाजारातल्या चॉकलेटच्या चवीच्या बहुतेक माल्ट पावडरींत साखर पुष्कळ आणि चरबी नगण्य असते. त्या पूरक पोषण म्हणून पुरेशा नाहीत. दहा वर्षांवरील मुलांच्या बाबतीत साखरेकडे आणखी लक्ष द्यावे लागते, कारण या आजारातून पुढे मधुमेह होऊ शकतो आणि त्या वयापासून दरवर्षी त्याची तपासणी करतात.

दुधाच्या पेयाने पोट फुगून आंबट, फेसाळ जुलाब होत असतील, तर दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज तात्पुरते पचत नसण्याची शक्यता असते, विशेषतः एखाद्या जुलाबाच्या आजारानंतर. अशा वेळी काही आठवडे लॅक्टोज नसलेले पेय किंवा विरजलेले दही सोसते का, हे आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पाहावे.

एमसीटी तेल म्हणून ओळखले जाणारे मध्यम साखळीचे तेल काही मुलांना दिले जाते, कारण ते पचायला लायपेजवर फारसे अवलंबून नसते. तेही एकदम दिले तर पोटात कळा येतात आणि पातळ शौच होते. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून ते भातात, वरणात किंवा थालिपिठाच्या घासावर वरून घालावे; फोडणीसाठी किंवा तळण्यासाठी वापरू नये. कोकणातल्या पालकांचा रास्त प्रश्न असतो की, खोबरेल तेल का चालणार नाही. खोबरेल तेल खायला उत्तम आहे, पण त्यातले मुख्य आम्ल लॉरिक आहे आणि ते एमसीटी तेलाइतके सहज पचत नाही. त्यामुळे खोबरेल घातलेल्या जेवणाला एन्झाइम द्यावेच लागतात.

पाचवी पायरी : जीवनसत्त्वे

ए, डी, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वे चरबीत विरघळणारी आहेत. दिवसातल्या सर्वांत स्निग्ध जेवणाबरोबर, म्हणजे आपल्या घरात बहुधा दुपारच्या वरण-भात-तुपाबरोबर, एन्झाइम दिल्यावर ती द्यावीत. रिकाम्या पोटी दिली तर मळमळ आणि कडवट ढेकर येतात आणि अंगीही लागत नाहीत. थेंब भरलेल्या बाटलीत मिसळू नयेत. तेलकट थेंब बाटलीच्या काचेला चिकटतात आणि दूध उरले तर मात्राही उरते.

इथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे आणि ती धोक्याची आहे. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज दिली गेली, तर रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मुलाला उलट्या, बद्धकोष्ठ, भूक न लागणे, खूप तहान आणि वारंवार लघवी असा त्रास सुरू होतो. पालकांना वाटते पोट बिघडले आहे. थेंबांच्या बाबतीतही सारखेपणा नसतो. काही बाटल्यांत दर मिलिलिटरला ४०० युनिट असतात, तर काहींत ८००. दुकानदाराने दुसरी बाटली दिली, तर मिलिलिटर तेच ठेवून मात्रा दुप्पट होते. ए जीवनसत्त्व जास्त झाल्यासही उलट्या आणि डोकेदुखी होते, आणि मल्टिव्हिटॅमिनच्या जोडीला नातेवाइकांनी आणलेले कॉड लिव्हर तेल चालू असेल तर हे सहज घडते. म्हणून सगळ्या बाटल्यांवरचे ए आणि डीचे आकडे एकदा कागदावर मांडून बेरीज करावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी.

सहावी पायरी : लोह, झिंक, कॅल्शियम आणि मीठ

लोह डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले असेल तरच द्यावे. मळमळ होत असेल तर जेवणानंतर द्यावे, पण दूध किंवा चहाबरोबर देऊ नये, कारण दोन्ही लोहाला अडवतात. झिंक रिकाम्या पोटी दिल्यास तासाभरात मळमळ किंवा उलटी होते. खाल्ल्यावर आणि लोहापासून दोन तासांच्या अंतराने द्यावे. कॅल्शियमच्या सिरपाने शौच घट्ट होते, आणि या मुलांच्या आतड्यात आधीच चिकटपणा असल्यामुळे ते विनाकारण चालू ठेवू नये.

मिठाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा शरीरातले पाणी आणि क्षार संपून रुग्णालयात आलेल्या बालकांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुले वेगळी उठून दिसली, डॉ. पॉल डी सँट अॅग्नेस यांनी त्याचा माग घेतला आणि १९५३ मध्ये या मुलांच्या घामातून जास्त मीठ जाते हे दाखवून दिले. घामाची तपासणी त्यातूनच आली. चंद्रपूर, नागपूर, जळगाव अशा ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. बाळाला वर्षभर मीठ द्यायचे नाही, असे आपण सगळीकडे ऐकतो आणि निरोगी बाळासाठी ते योग्यही आहे. या आजाराच्या बाळाला मात्र पहिले सहा महिने दिवसाला चहाच्या चमच्याचा आठवा भाग आणि पुढे पाव चमचा मीठ देण्याची शिफारस आहे. हे प्रमाण दिवसभराचे आहे. ते एका घोटात दिले तर बाळ हमखास ओकते. मोजलेले मीठ थोड्या पाण्यात विरघळवून, दिवसभरातल्या सगळ्या पाजण्यांत थोडे-थोडे वाटून द्यावे आणि नेमके किती, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मोठ्या मुलाला ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत आणि ओआरएस यांतून मीठ सहज जाते.

याची उलट बाजूही पाहावी. मूल उन्हाळ्यात मलूल होऊन, ताप नसताना उलट्या करू लागले, तर ते पूरक सोसत नसल्यामुळे नव्हे, तर मीठ आणि क्षार कमी पडल्यामुळे असू शकते. अशा वेळी पूरके थांबवून घरी वाट पाहणे चूक ठरते. रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड त्याच दिवशी तपासून घ्यावे.

सातवी पायरी : दोष पूरकाचाच आहे ना, हे पडताळणे

छातीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू झाल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेले जुलाब बहुधा त्या औषधाचे असतात. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या जोडगोळीने तसे होणे नेहमीचे आहे. वहीत औषध सुरू झाल्याची तारीख असेल तर हे लगेच दिसते.

दुसरीकडे, तीन-चार दिवस शौचच न होणे आणि पोट दुखणे याचा अर्थ ‘एन्झाइम जास्त झाले’ असा पालक काढतात आणि कॅप्सूल कमी करतात. त्याने प्रश्न वाढतो. या आजारात लहान आतड्याच्या शेवटी चिकट मळ साचून अडथळा तयार होऊ शकतो. त्यात पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखते, कधी तिथे हाताला गोळा लागतो. पाणी वाढवावे आणि लगेच डॉक्टरांशी बोलावे; ते बहुधा मळ मऊ करणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. एरंडेल, इसबगोल किंवा एनिमा घरच्या घरी देऊ नये.

यानंतरही एखादे पूरक खरोखर सोसत नाही असे वाटले, तर एका वेळी एकच बदल करावा आणि तीन-चार दिवस थांबावे. एकाच दिवशी पावडर बदलली, झिंक थांबवले आणि कॅप्सूल वाढवली, तर मूल बरे झाले तरी कशामुळे झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तोच गोंधळ पुन्हा होतो. मूल शाळेत जात असेल, तर डब्याबरोबर कॅप्सूल आणि कोणत्या खाण्याला किती, अशी दोन ओळींची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्यावी. वाढदिवसाचा केक आणि चॉकलेट यांचाही त्यात उल्लेख असावा. अनेक ‘अनाकलनीय’ दुपारची पोटदुखी मधल्या सुट्टीत विसरलेल्या कॅप्सूलपाशी येऊन थांबते.

लगेच रुग्णालयात जाण्याची वेळ

हिरवी उलटी, फुगून कडक झालेले पोट, शौचात रक्त, थांबत नसलेली तीव्र पोटदुखी, सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे किंवा मूल सुस्त पडणे, यांपैकी काहीही झाले तर वही, नोंदी आणि फोन यांत वेळ घालवू नये. रुग्णालयात पोहोचल्याबरोबर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरांनी हा आजार क्वचितच पाहिलेला असतो आणि सलाइनमधल्या क्षारांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

पुढच्या भेटीला जाताना

वहीची शेवटची दोन आठवड्यांची पाने, मुलाचे महिन्यागणिक वजन आणि घरातली प्रत्येक बाटली, डबा व पुडी एका पिशवीत घालून न्यावी. नावे लिहून नेण्यापेक्षा वस्तू नेलेल्या बऱ्या, कारण मात्रा, सॉर्बिटॉल, चरबी आणि मुदत हे सारे वेष्टनावर असते. कोणते पूरक दिवसातल्या कोणत्या खाण्याबरोबर आणि किती एन्झाइमबरोबर द्यायचे, याचा तक्ता भेटीतच लिहून घ्यावा आणि घरी आल्यावर तो फ्रिजच्या दारावर, आजीलाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावा.